प्रार्थना आणि न टळलेले दुःख

घरात दुर्धर आजार आला, कर्ता माणूस गेला, की मनात पहिला प्रश्न उमटतो : हे आमच्याच वाट्याला का? आणि त्यामागोमाग दुसरा : एवढी प्रार्थना केली, तिचे काय झाले? असे विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे मला वाटत नाही. हे प्रश्न खुद्द बायबलमध्येच आहेत.

‘ईयोब’ हे ४२ अध्यायांचे पुस्तक याच प्रश्नावर उभे आहे. सज्जन ईयोबाची मुले, संपत्ती, आरोग्य सारे जाते. समाचाराला आलेले मित्र म्हणतात, तुझेच काही पाप असणार! पण शेवटी देवाचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर. जन्मांध माणसाचे अंधत्व त्याच्या किंवा आईबापांच्या पापाचे फळ आहे, ही समजूत प्रभू येशूनेही खोडून काढली.

मग दुःख येते कुठून? संत ऑगस्टीनपासून अनेकांनी माणसाच्या स्वातंत्र्याकडे बोट दाखवले. प्रेम करायला मोकळा असलेला माणूस दुष्टपणा करायलाही मोकळा असतो. युद्धाचा, शोषणाचा उलगडा यातून होतो. तान्ह्या बाळाच्या आजाराचा मात्र होत नाही. तिथे ख्रिस्ती श्रद्धा क्रूसाकडे पाहते. देव दुःखाबाहेर उभा राहिला नाही, तो त्यात उतरला, एवढेच ती सांगते.

प्रार्थनेचे मर्म मला गेथशेमाने बागेत दिसते. दुःखाचा प्याला टळावा म्हणून येशूने तीनदा विनवणी केली, पण निर्णय पित्यावर सोपवला. प्याला टळला नाही. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागणे केले. काटा राहिला, सोसण्याचे बळ मिळाले. मागावे जरूर, रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवले. पण प्रार्थना म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. मागता मागता मागणारा बदलतो.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य याची साक्ष देते. तरुणपणी त्यांचे आईवडील उपासमारीने खंगून गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुलींना आसरा दिला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही १९२२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत केडगावचे काम आणि बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही.

ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ बसून काढले होते. दुःखिताच्या घरी जाताना आपण तेवढे जरी केले, तरी ती प्रार्थनाच ठरेल.