एका पेटीत तीन स्पीकर

आपला कान सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू शकतो. ढोलाच्या घुमाऱ्यासाठी स्पीकरचा पडदा मोठा लागतो, तर घुंगरांच्या छुमछुमीसाठी लहान व हलका. म्हणून घरी पेटी बनवणारे हौशी लोक तिच्यात तीन स्पीकर बसवतात. तारेचे वेटोळे खालचे आवाज मोठ्या स्पीकरकडे जाऊ देते. कपॅसिटर वरचे आवाज लहान स्पीकरकडे पाठवतो. मधल्याला दोन्ही लागतात. कपॅसिटर विसरलात, तर लहान स्पीकरची केसासारखी तार जळू शकते!

ॲल्युमिनियमचा पडदा कागदापेक्षा ताठ असतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो. पण एका ठरावीक उंच स्वराला तो थाळीसारखा झणझणतो आणि गाणे कर्कश वाटते. म्हणून मधल्या स्पीकरचे काम बहुधा ३,००० कंपनांच्या आसपास थांबवतात. पुढचे आवाज लहान स्पीकर काढतो.