तांदळाचं मडकं आणि हेलिकॉप्टर

कोरियन मालिका बघायला बसले की मी आधी एक गोष्ट शोधते. या घरात पैसे येतात कुठून आणि जातात कुठे? ज्या मालिकेला याचं उत्तर ठाऊक असतं ती सहसा चांगली निघते. जिला ठाऊक नसतं ती सात-आठ भाग देखण्या चेहऱ्यांवर आणि उंची कपड्यांवर तग धरते, मग अपघात, स्मृतिभ्रंश, अपहरण यांना शरण जाते. माझी उभी नोकरी सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून गेली, त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात. माणूस आजारी पडला की घराचा हिशोब कसा उघडा पडतो हे मी रोज पाहिलं. त्यामुळे पडद्यावरही माझी नजर तिकडेच जाते.

ज्यांनी या मालिका पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोरियातली टीव्ही मालिका साधारण सोळा भागांची असते, अलीकडे बारा भागांचीही. प्रत्येक भाग तासाभराचा किंवा त्याहून मोठा, आणि आठवड्याला दोन भाग. दोन महिन्यांत गोष्ट संपते, ती खरोखरच संपते. बहुतेकदा सगळे भाग एकाच लेखकाने, किंवा अधिक करून लेखिकेने, लिहिलेले असतात. तिथला प्रेक्षक लेखिकेच्या नावावर मालिका निवडतो. आपल्याकडे टीआरपी चढला की मालिका वाढवतात आणि नायिकेच्या सासूला नवी जाऊ सापडते. ती सवय असलेल्याला पहिल्या कोरियन मालिकेचा शेवट झाल्यावर सुटल्यासारखं वाटतं. मला तरी वाटलं.

गेल्या दोन-तीन वर्षांतल्या मालिकांमध्ये माझ्या लेखी सर्वांत वरची 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स'. मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर ती चार आठवडे, दर आठवड्याला चार भाग अशी आली. लेखिका इम सांग-चुन, दिग्दर्शक किम वॉन-सोक. 2018 ची 'माय मिस्टर' याच दिग्दर्शकाची. गोष्ट जेजू बेटावरच्या ए-सुन आणि ग्वान-शिक या जोडप्याची. ती सुरू होते त्यांच्या लहानपणी, कोरियन युद्ध संपून फार काळ लोटलेला नसताना, आणि त्यांच्या म्हातारपणापर्यंत जाते. तरुण ए-सुन आयूने केली आहे, तिची मुलगीही तिनेच. तरुण ग्वान-शिक पार्क बो-गम, आणि उतारवयात मून सो-री व पार्क हे-जुन.

ए-सुनची आई ग्वांग-रे ही पाणबुडी बाई आहे. जेजूवर या बायकांना हेन्यो म्हणतात. ऑक्सिजनची नळकांडी न घेता, नुसत्या श्वासावर समुद्राच्या तळाशी जायचं, शिंपले, समुद्री वनस्पती काढायच्या आणि वर यायचं. 2016 मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मालिका वारसा म्हणून त्याचं कौतुक करत बसत नाही. ती दाखवते की सगळ्या वर आल्या आणि एकच बाई अजून आली नाही, तेव्हा काठावरची लहान मुलगी पाण्याकडे कशी बघते. वर आल्यावर या बायका शिट्टीसारखा आवाज करत श्वास सोडतात. तो आवाज ऐकून मी मालिका थांबवली आणि पुन्हा ऐकला. छातीच्या रुग्णांजवळ रात्री काढलेल्या कुणालाही कळेल की या बाईची फुप्फुसं हे फार दिवस सोसणार नाहीत. ग्वांग-रे एकोणतिसाव्या वर्षी जाते.

आता त्या हिशोबाकडे येते. लहान ए-सुन काकांच्या घरी राहते. तिथे मासा रांधला तरी तो सगळ्यांच्या ताटात पडतो, हिच्या नाही. आईला हे समजतं तेव्हा ती जो संताप करते त्यात दिराची, सासूची, कुणाचीच भीडभाड ठेवत नाही. एका माशावरून पोरीची घरातली जागा कळते. पुढे ए-सुनच्या संसारात हलाखी येते, मडक्यातला तांदूळ तळाला लागतो. आणि तरी तो संपत नाही, कारण घरमालक म्हातारा-म्हातारी गुपचूप त्यात भर घालत असतात. कुणी कुणाला काही बोलत नाही. उपकार घेणाऱ्याचा मान कसा राखायचा, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा प्रसंग मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. नंतर मुलीला जपानमध्ये शिकायला पाठवायचं म्हणून हे जोडपं राहतं घर विकतं. मुलीला आनंद होतो आणि त्या आनंदाचा भारही होतो, तोही आयुष्यभर. मालिका दोन्ही दाखवते.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ग्वान-शिकच्या घरी पुरुष वेगळ्या चौरंगावर जेवतात, बायका-पोरी वेगळ्या. आमच्याही घरी पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायकांची पानं वाढली जात नसत, त्यामुळे हे मला समजावून सांगावं लागलं नाही. एक दिवस ग्वान-शिक आपला भाताचा वाडगा घेतो, बसल्या जागी वळतो आणि बायकोकडे तोंड करून जेवायला लागतो. भाषण नाही, भांडण नाही. आजी आणि आई बघतच राहतात. त्या काळात, त्या घरात, एवढं वळायला किती धैर्य लागलं असेल ते पार्क बो-गमच्या पाठीवरून दिसतं.

मग या मालिकेत उणं काही नाही का? आहे. ग्वान-शिकमध्ये एकही खोट ठेवलेली नाही, आणि चाळीस वर्षांच्या संसारात न चुकणारा नवरा मला माणसापेक्षा देवाजवळचा वाटतो. मुलाला, उन-म्यंगला, लेखिकेने बहिणीच्या तुलनेत फार कमी दिलं. आणि शेवटच्या चार भागांत मुलीचा आवाज मागून सगळं समजावत राहतो. मून सो-रीचा चेहरा समोर असताना त्या निवेदनाची गरज नव्हती.

दवाखान्याच्या मालिकांकडे वळते, कारण तिथे मला कुणी फसवू शकत नाही. जानेवारी 2025 मधली 'द ट्रॉमा कोड' आठ भागांची आहे. चू जी-हूनने त्यात बेक कांग-ह्योक हा शल्यचिकित्सक केला आहे. एकच डॉक्टर छाती उघडतो, पोट उघडतो, हेलिकॉप्टरमधून उतरतो आणि डोक्याचंही बघतो, हे होत नाही. कुठेच होत नाही. पण विभागप्रमुखांची बैठक भरते आणि त्यात सांगितलं जातं की ट्रॉमा सेंटर जितके रुग्ण वाचवतं तितका रुग्णालयाचा तोटा वाढतो, ते मात्र शंभर टक्के खरं आहे. कोरियात 1989 पासून सगळ्या नागरिकांना राष्ट्रीय आरोग्य विमा आहे आणि उपचारांचे दर त्या व्यवस्थेतून ठरतात. अपघाताच्या रुग्णाला चोवीस तास तयार असलेली माणसं, रक्त, थिएटर आणि आयसीयू लागतो. तो खर्च ठरलेल्या दरात भागत नाही. हे तिथे लोकांना ठाऊक होतं ते ली कुक-जोंग या डॉक्टरांमुळे. 2011 मध्ये सोमाली चाच्यांच्या गोळ्या लागलेल्या जहाजाच्या कप्तानाला त्यांनी वाचवलं, 2017 मध्ये सीमा ओलांडताना गोळ्या झेललेल्या उत्तर कोरियाच्या सैनिकाला वाचवलं, आणि 2020 मध्ये रुग्णालय प्रशासनाशी खटके उडून ट्रॉमा सेंटरचं प्रमुखपद सोडलं. मालिका पाहताना कोरियन प्रेक्षकाला ते आठवणारच.

या मालिकेवर माझा जीव जडला तो चोन जांग-मीमुळे. ती ट्रॉमा सेंटरची सिस्टर आहे. बहुतेक मालिकांत सिस्टर ट्रे धरते, "डॉक्टर, बीपी पडतंय" म्हणते आणि संपतं. जांग-मी रुग्ण आत यायच्या आधी काय काय लागेल ते मनात मांडून ठेवते, नवख्या डॉक्टरला हाताला धरून कामाला लावते, वरिष्ठ चुकत असेल तर तसं सांगते. कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता हाऊसमन गोंधळला की सिस्टर, मावशी आणि मामा मिळून रुग्ण सांभाळतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पडद्यावर ते कुणीतरी मान्य केलं.

'रेसिडेंट प्लेबुक' त्या मानाने सौम्य आहे. स्त्रीरोग आणि प्रसूती विभागातल्या चार निवासी डॉक्टरांची गोष्ट. ती 2024 मध्येच यायची होती. पण त्या फेब्रुवारीत सरकारने वैद्यकीय प्रवेशाच्या जागा 3,058 वरून दोन हजारांनी वाढवायचं ठरवलं आणि हजारो निवासी डॉक्टरांनी राजीनामे देऊन काम सोडलं. शस्त्रक्रिया लांबल्या, लोक चिडले. अशा वेळी गोड निवासी डॉक्टरांची मालिका दाखवणं वाहिनीला जड गेलं आणि ती एप्रिल 2025 मध्ये आली. को यून-जंगने केलेली ओ ई-यंग ही डॉक्टर तळमळीने नव्हे, कर्ज फेडायचं म्हणून वॉर्डात परत येते. ही सुरुवात मला फार आवडली. पण नंतर मालिका तिच्या प्रेमप्रकरणात इतकी रमते की कर्जाचं काय झालं हे विचारायला आपणही विसरतो. प्रसूती कक्षातले प्रसंग मात्र जपून केलेत. मूल गमावलेल्या आईसमोर काय बोलायचं हे न सुचलेली तरुण डॉक्टर मी खरोखर पाहिली आहे.

'क्वीन ऑफ टीअर्स' हिच्याबद्दल मला राग आहे, कारण तिच्यात दम होता. 2024 च्या वसंतात टीव्हीएन वाहिनीवर आलेल्या या मालिकेचा शेवटचा भाग 24.85 टक्के टीआरपीपर्यंत गेला, त्या वाहिनीचा तो उच्चांक. पहिल्याच भागात श्रीमंत होंग घराण्यात पूर्वजांच्या श्राद्धाचा स्वयंपाक आहे आणि तो करताहेत घरचे जावई. सगळे शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे, सुटाबुटातले. ज्यांचे पूर्वज, त्यांच्यातला एकही जण तिथे नाही. सुनांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम जावयांच्या हाती दिल्यावर ते कसं दिसतं, हे बघताना मी खूप हसले. पुढे घराणं रस्त्यावर येतं आणि जावयाच्या खेड्यातल्या घरी आसरा घेतं, ते भागही छान. पण नायिकेला मेंदूची गाठ, शस्त्रक्रियेसाठी जर्मनी, आठवण गेलेली, मग गाडीची धडक, मग बंदूक. किम जी-वॉनच्या अभिनयाने ते सावरलं. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक कसे महिनोन्‌महिने रुग्णाच्या एकेका शब्दाची वाट बघतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही सोईस्कर विस्मृती सोसत नाही.

'स्क्विड गेम'विषयी थोडक्यात. 2021 चा पहिला हंगाम कर्जाची गोष्ट होती म्हणून जगभर पोचला. नायक गी-हुन मोटार कारखान्यातून कमी केलेला कामगार आहे आणि त्यामागे 2009 चा सांगयाँग मोटर्सचा 77 दिवसांचा संप आहे, हे दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक यांनी सांगितलं आहे. ही कंपनी 2011 मध्ये मुंबईच्या महिंद्राने घेतली आणि 2020 च्या अखेरीस ती पुन्हा न्यायालयाच्या दारी गेली, म्हणून मराठी वाचकाला ते नाव अगदीच परकं नाही. जून 2025 मध्ये संपलेल्या तिसऱ्या हंगामापर्यंत मात्र कर्ज मागे पडलं आणि मारण्याच्या तऱ्हा पुढे आल्या. मला तो बघवला नाही.

त्यापेक्षा 'द ड्रीम लाइफ ऑफ मिस्टर किम' बघा. 2025 च्या अखेरीस आलेली, बारा भागांची. रयू संग-र्योंगने केलेला किम नाक-सू मोठ्या कंपनीत पंचवीस वर्षं काढलेला अधिकारी आहे. सोलमध्ये स्वतःचं घर, मुलगा चांगल्या विद्यापीठात. सुरुवातीला तो नवी बॅग घ्यायला जातो. ती साहेबाच्या बॅगेपेक्षा महाग नको आणि हाताखालच्याच्या बॅगेपेक्षा स्वस्त नको. दुकानात उभा राहून तो मनातल्या मनात जी गणितं करतो त्यात त्याचा सगळा स्वभाव येतो. मग बदली, मग राजीनामा, मग निवृत्तीचे पैसे एका गाळ्यात अडकतात. ते पैसे जातात तो भाग बघताना माझ्या पोटात गोळा आला. ओळखीतल्या किती घरांत असाच फंडाचा पैसा कुणाच्या तरी गोड बोलण्यावर गेला आहे. त्याची बायको, म्यंग से-बिनने केलेली, तोवर शांतपणे घरखरेदी-विक्रीच्या दलालीची परीक्षा पास झालेली असते. ती नवऱ्याला झिडकारत नाही, पण त्याच्या वाटणीचं रडतही बसत नाही. अशी पन्नाशीतली बाई कोरियन पडद्यावर आता वरचेवर दिसू लागली आहे, आणि याचं मला मनापासून समाधान आहे.

शेवटी एका अभिनेत्रीचं नाव सांगते, कारण पोस्टरवर तिचा चेहरा कधी मोठा नसतो. योम हे-रान. 'टँजरिन्स'मधली पाणबुडी आई तिचीच. 'द ग्लोरी'मधली, नवऱ्याचा मार खाणारी आणि तरी चटकन हसणारी मोलकरीण तिची, 2023 च्या 'मास्क गर्ल'मधली सुडाने पेटलेली आई तिची, 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स'मधली तडफदार वकीलही तिची. चारही बायकांचा चालण्याचा ढंग वेगळा, आवाज वेगळा. मे 2025 मध्ये पेकसांग पुरस्कारांत 'टँजरिन्स' सर्वोत्कृष्ट मालिका ठरली आणि सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार हिला मिळाला. मालिकेत ती मोजकेच भाग आहे. तिची ग्वांग-रे गेल्यावरही लेकीच्या प्रत्येक हट्टात, ताटातल्या प्रत्येक माशात ती बाई दिसत राहते. नवी मालिका निवडताना मी आता कलाकारांच्या यादीत आधी तिचं नाव बघते.