शिनोलीत आग लागली, तर बंब कुठून येणार? अग्निशमन दलाची जबाबदारी नेमकी कोणाची?

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीत भर उन्हात कडब्याच्या गंजीने पेट घेतला. शेजारी गोठा, त्याला लागून घर. कुणीतरी १०१ फिरवतं. पण शिनोलीत ग्रामपंचायत आहे, महापालिका नाही. मग बंब पाठवायचा कोणी?

कायदा काय सांगतो?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत आणि त्यातला सातवा विषय आहे अग्निशमन सेवा. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची अकरावी अनुसूची दिली. त्या यादीत अग्निशमन नाही.

त्यामुळे पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकांकडे स्वतःचं दल असतं. गावाला मात्र जवळची नगरपरिषद, एमआयडीसी किंवा साखर कारखान्याच्या बंबावर अवलंबून राहावं लागतं. बंब येईपर्यंतचा वेळ गावालाच निभवावा लागतो.

दलाचं काम फक्त आग विझवणं आहे का?

नाही. दलाची कामं ढोबळमानाने तीन.

१. आग विझवणं : आग कशाची, यावर पद्धत ठरते. लाकूड, कडबा, कापडावर पाणी चालतं. पेट्रोल, डिझेल, तेलावर फोम लागतो. विजेच्या आगीत आधी पुरवठा तोडावा लागतो.

२. सुटका : पूर, कोसळलेली इमारत, अपघातात चेपलेली गाडी, विहिरीत पडलेला माणूस किंवा जनावर. शहरात यासाठीही दलालाच फोन जातो.

३. आग लागूच नये याची खबरदारी : हे काम सहसा दिसत नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तपासणी करणं आणि त्रुटी आढळल्यास नोटीस देणं हे दलाचं काम.

ही तपासणी कागदापुरती राहिली तर काय होतं? ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळांचा जीव गेला. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचा प्रश्न ऐरणीवर आला.

आंबेगावला हे वेगळं सांगायची गरज नाही

३० जुलै २०१४ ला याच तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. १५० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. गाव दिसत नसल्याचं आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. नंतर एनडीआरएफ आलं, अनेक दिवस शोधकार्य चाललं. डोंगराळ भागात मदत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून खबर लवकर पोहोचणं फार महत्त्वाचं ठरतं.

मग गावाने काय करायचं?

• १०१ किंवा ११२ वर फोन करा. गावाचं नाव, तालुका, जवळची खूण सांगा. काय जळतंय, आत कोणी अडकलंय का, मोठी गाडी आत येईल का, जवळ भरलेली विहीर किंवा शेततळं कुठे आहे, हेही सांगा. बंबातलं पाणी संपलं की तिथूनच भरावं लागतं.
• एक जण मुख्य रस्त्यावर थांबवा, म्हणजे गाडी चुकणार नाही.
• गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. लाइटचं बटण चालू-बंद करू नका. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.
• तारेमुळे पीक किंवा गंजी पेटली तर आधी महावितरणला कळवा (१९१२). पुरवठा बंद झाल्याशिवाय पाणी मारू नका.
• गुरांची दावी आधी सोडा. सामान वाचवायला पुन्हा आत जाऊ नका.
• बंबामागे गर्दी करून किंवा व्हिडिओसाठी गाड्या लावून रस्ता अडवू नका.

१४ एप्रिल का लक्षात ठेवायचा?

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या स्फोटकं भरलेल्या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शहरांत त्या आठवड्यात प्रात्यक्षिकं होतात. ग्रामसभेने ठरवलं, तर तेच प्रात्यक्षिक गावच्या शाळेच्या मैदानावरही होऊ शकतं.