अपडेट केलं, तरी साइडकार जुनीच का?

कणकवलीहून फोंडाघाट चढून कोल्हापूरला जाणारी एसटी आठवा. ड्रायव्हरचं लक्ष वळणांवर. तिकीट, बेल, हिशेब ही कामं कंडक्टरची. सॉफ्टवेअरमधली साइडकार म्हणजे हाच कंडक्टर.

मोठ्या ॲप्सचे सर्व्हरवरचे भाग कंटेनरमध्ये चालतात आणि ते कंटेनर कुबरनेटीस सांभाळतं. तिथे एका 'पॉड'मध्ये मुख्य ॲपचा कंटेनर असतो आणि शेजारी साइडकारचा. मेसेज पोचवणं, एन्क्रिप्शन, फसलेला कॉल पुन्हा करणं, हे साइडकार बघते. 2021 मध्ये 1.0 आवृत्ती आलेलं 'डॅपर' हे ओपन सोर्स रनटाइम असंच चालतं.

आता अपग्रेडची गंमत बघा. डॅपरचा कंट्रोल प्लेन म्हणजे डेपो. तो अपग्रेड केला की काम संपलं असं वाटतं. पण पॉडमध्ये साइडकार बसते ती पॉड तयार होतानाच. डेपोत नवा कंडक्टर आला, तरी घाटातल्या गाडीत जुनाच! नव्या आवृत्तीत सुरक्षेची चूक दुरुस्त झाली असेल, तर चालू पॉडमध्ये ती तशीच राहते.

उपाय म्हणजे रोलिंग रीस्टार्ट. नवा पॉड तयार झाला की जुना बंद, असं टप्प्याटप्प्याने. ॲप वापरणाऱ्याला सहसा कळतही नाही. शेवटी प्रत्येक पॉडमधल्या साइडकारची आवृत्ती तपासायची.

तुमच्या फोनचंही तसंच आहे. सिस्टीम अपडेट डाउनलोड झालं, पण 'रीस्टार्ट' पुढे ढकललं, तर फोन जुन्यावरच चालतो. आज तेवढं बटण दाबून टाका.