वजनकाटा चरबी दाखवत नाही. टेप घ्या, कंबर मोजा!

‘माझं वजन साठच किलो, मला कसली शुगर?’ असं गावाकडं सर्रास ऐकू येतं. पण काटा हाडं, स्नायू, पाणी, चरबी सगळं एकत्रच मोजतो. त्यात चरबी किती, हे कळत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच २२.३ होता. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. ‘द लॅन्सेट’नं २००४ साली हे छापलं.

आपल्याकडं अंगानं बारीक माणसाच्याही पोटावर चरबी साठते. त्यातूनच मधुमेहाचा धोका वाढतो.

चरबी मोजायचं मशीन नसलं तरी अडत नाही. शिंप्याकडची टेप घ्या. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन कमी असलं तरी आरोग्य केंद्रात शुगर तपासून घ्या.

चालणं, व्यायाम सुरू केल्यावर काटा हलला नाही म्हणून सोडून देऊ नका. कंबर उतरतेय का, ते बघा.