रस्त्याकडेची काच

सकाळी ६:५०
कंट्रोल रूमचा फोन आला. मंचर–नारायणगाव फायबर लिंक गेली आहे. टॉवरांना दोन्हीकडून जोडणाऱ्या रिंगची दुसरी बाजू, आळेफाट्याकडून येणारी, अजून चालू आहे, म्हणून एकही टॉवर बंद पडलेला नाही. पुणे–नाशिक रस्त्यावर कुणालाच काही कळलेलं नाही. आमच्या कामात हीच वेळ मोलाची. दुसरी बाजू जायच्या आत पहिली जोडायची.

७:४०
मंचरच्या टॉवरखाली ओटीडीआर लावला. हे यंत्र काचेच्या तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं. तुटल्या टोकावरून तो परतला की लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. स्क्रीनवरची रेघ ११.४ किलोमीटरवर सरळ खाली कोसळली होती. तिथवर जाऊन परत यायला ठोक्याला सेकंदाचा जेमतेम दहा हजारावा भाग लागला.

पण हे ११.४ किलोमीटर केबलचे, रस्त्याचे नव्हेत. चेंबरमध्ये काही मीटरचा लूप गुंडाळून ठेवलेला असतो, शिवाय आतले तंतू पीळ घेत जातात. कुठे किती लूप सोडलाय, हे नकाशात कमी आणि जुन्या माणसांच्या डोक्यात जास्त असतं. जोडीदार स्प्लायसर, म्हणजे तंतू जोडणारा, म्हणाला, "साहेब, दोनेकशे मीटर अलीकडे धरा. ओढ्याच्या पुलाआधी." कट तिथेच निघाला.

८:३०
पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणलाय. जेसीबीच्या बादलीने आमचा पाइप उचकटून केबल हातभर ताणून तोडली आहे. ड्रायव्हर बाजूला उभा होता. "खाली केबल आहे असं कुणी सांगितलंच नाही, साहेब," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. केबल साधारण दीड मीटर खोल जावी लागते. इथे खडक लागला म्हणून कुणीतरी वरच सोडून दिली. खणण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून मार्च २०२३ मध्ये सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणलं. चांगलं आहे. पण कंत्राट देतानाच कळवण्याची अट घातली नाही आणि ड्रायव्हरपर्यंत ती पोचली नाही, तर अ‍ॅप मोबाइलमध्ये आणि बादली केबलमध्ये, असंच चालू राहणार.

९:४०
आळेफाट्याची बाजूही गेली. आता टॉवर खरोखर बंद झाले.

केबल ४८ कोअरची: चार ट्यूब, प्रत्येकीत बारा तंतू. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. हा क्रम आमच्या लोकांना झोपेतही म्हणता येतो. ताणलेला भाग कापून मधे नवा तुकडा घातला, म्हणजे दोन ठिकाणी जोड आले. टॉवर ज्या जोडीवर चालतात ती आधी घेतली, निळा आणि नारिंगी.

स्प्लायसरचं काम मी कितीही वेळा पाहिलं तरी नजर हटत नाही. तो रंगाचं आवरण सोलतो, स्पिरिटने काच पुसतो, क्लीव्हरमध्ये ठेवून दाबतो. बारीक टक् असा आवाज येतो आणि तंतू आरपार सरळ कापला जातो. काच जवळपास केसाइतकी बारीक, आणि प्रकाश जातो तो त्यातल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. स्क्रीनवर लॉस आला ०.०२ डीबी. वारा होता, म्हणून मी मशीनवर छत्री धरून बसलो होतो.

भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये सांगितलं की काचेतली अशुद्धी काढली तर तिच्यातून संदेश लांबवर नेता येतील. तेव्हाच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विझत होता. आज १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

१०:२५ ला टॉवर चालू झाले. उरलेले कोअर जोडायला दुपार झाली.

१:१५
वाटेतल्या गावात रेशन दुकानासमोर अजून रांग होती. ई-पॉस मशीनवर अंगठा जुळला की धान्य मिळतं, आणि जुळवायला नेटवर्क लागतं. एक आजी म्हणाल्या, "दोनदा अंगठा दिला, मशीन घेईना. वस्तीवरून चालत आले, आता उनाची परत कशी जाऊ?" माझ्या अहवालात हा खंड पाऊण तासाचा. त्यांची अख्खी सकाळ गेली होती. आपण धान्याचा हक्क काचेच्या एका धाग्यावर टांगला असेल, तर तो धागा कुठून जातो हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

२:३०
नारायणगावात जेवण. चैत्र असल्याने तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या आहेत. यात्रेची सुपारी द्यायला गावोगावचे पुढारी अजूनही स्वतः येतात, बसतात, घासाघीस करतात. खिशात फोन सगळ्यांच्याच आहे.

४:००
खोडदच्या बाजूला एका चेंबरची पाहणी. इथून जीएमआरटीच्या तबकड्या दिसतात. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही रेडिओ दुर्बीण: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन भुजांवर पसरलेल्या. ती ज्या लहरी ऐकते त्यांच्या लगतच मोबाइलचा ९०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा येतो. म्हणून या भागात टॉवर उभारताना आम्हाला फार जपावं लागतं. आणि तबकड्यांनी टिपलेलं सगळं मध्यवर्ती इमारतीत येतं ते ऑप्टिकल फायबरमधूनच, कारण काच आपल्याकडून रेडिओचा गोंगाट करत नाही.

जवळच आर्वी. १९७१ मध्ये तिथे विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशाशी बोलणं ३६ हजार किलोमीटर वरच्या उपग्रहामार्फत होऊ लागलं. पलीकडे आवाज पोचायला पाव सेकंद लागायचा. बोलणारे एकमेकांच्या शब्दांवर आदळायचे. पुढे समुद्रातल्या फायबर केबलींनी ते काम घेतलं. हा सगळा वारसा एका जुन्नर तालुक्यात आहे, आणि इथल्या शाळांच्या सहली मात्र बहुधा शिवनेरी पाहून परततात. मुलांना आर्वी-खोडदही दाखवा.

माझा मुलगा फाइव्ह-जी फोन मागतो, वेग हवा म्हणून. त्याला मी सांगतो, बाळा, तुझा फोन हवेतून बोलतो तो फक्त समोरच्या टॉवरशी. त्या टॉवरपर्यंत काच पोचली नसेल, तर फोन कितीही महाग घे, वेग यायचा नाही.

६:३०
अहवाल. दोन्ही जोडांचे अक्षांश-रेखांश, खोली, सोडलेल्या लूपचे मीटर, सगळं लिहिलं. स्प्लायसर निवृत्त झाल्यावर हे कुणाला विचारणार? पाइपलाइनचा चर आमच्याच बाजूने अजून दोन किलोमीटर जाणार आहे. ग्रामसेवकांशी बोललो. उद्या सकाळी सातला मुकादम आणि ड्रायव्हर दोघांनाही जागेवर बोलावलंय. फक्की टाकून केबल आखून द्यायची आहे, आणि पुलाजवळ चर हातानेच खणायचा, हे दोघांकडून कबूल करून घ्यायचंय.