संगणकाला पत्ता कोण देतो?

पाकिटावर गाव, मोहल्ला आणि घरक्रमांक नीट लिहिला असेल, तरच पत्र योग्य घरी पोहोचते. एकाच मोहल्ल्यातील दोन घरांना एकच क्रमांक दिला तर काय होईल? एकाचे पत्र दुसऱ्याच्या हाती पडेल. संगणकांचेही तसेच आहे. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला वेगळा पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९२.१६८.१०.५७ हा असाच एक पत्ता आहे. त्यात चार संख्या असतात आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधील असते.

दोन-चार संगणक असतील, तर हे पत्ते हाताने भरता येतात. पण शंभर संगणक असतील तर? तेव्हा हे काम डीएचसीपी नावाच्या पद्धतीवर सोपवतात. ही पद्धत १९९३ साली प्रथम मांडली गेली. या पद्धतीने पत्ते देणाऱ्या संगणकाला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात.

नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाजवळ पत्ता नसतो. सर्व्हर कोठे आहे, हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून तो सर्वांना ऐकू जाईल अशी हाक देतो, "मला कोणी पत्ता देईल का?" सर्व्हर म्हणतो, "हा पत्ता घे." संगणक म्हणतो, "हा पत्ता मला हवा आहे." सर्व्हर उत्तर देतो, "ठीक आहे, तो आता तुझा." हे चार निरोप क्षणात पूर्ण होतात. मात्र पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतो. अर्धी मुदत संपली, की संगणक ती वाढवून मागतो.

आता एका शाळेची कल्पना करा. तेथे संगणक कक्ष, कार्यालय आणि वाचनालय आहे. कार्यालयातील संगणकांत प्रश्नपत्रिका आणि गुण आहेत. ते संगणक मुलांच्या संगणकांपासून वेगळे ठेवायला हवेत. त्यासाठी नव्या तारा टाकाव्या लागत नाहीत. स्विच नावाच्या यंत्राला सांगता येते, की हे खाचे कार्यालयाचे आणि ते वाचनालयाचे. एकाच जाळ्याचे असे जे भाग पडतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. प्रत्येक व्हीलॅनला १ ते ४०९४ यांपैकी एक क्रमांक देता येतो.

समजा, आपण संगणक कक्षाला १०, कार्यालयाला २० आणि वाचनालयाला ३० हे क्रमांक दिले. प्रत्येक भागाच्या पत्त्यांचा गट वेगळा असतो. त्याला सबनेट म्हणतात. कक्षाचे पत्ते १९२.१६८.१० ने, कार्यालयाचे १९२.१६८.२० ने आणि वाचनालयाचे १९२.१६८.३० ने सुरू होतील. व्हीलॅनचा क्रमांक आणि पत्त्यातील तिसरी संख्या सारखी असलीच पाहिजे असे नाही, पण सारखी ठेवली तर लक्षात राहते.

येथे एक अडचण येते. सर्व्हर कार्यालयात आहे आणि वाचनालयातील संगणकाची हाक व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. मग तीन सर्व्हर ठेवायचे का? नाही. प्रत्येक व्हीलॅनच्या दाराशी राउटर असतो. त्याला निरोप पोहोचवण्याचे काम देतात. तो हाक ऐकतो, तिच्यावर आपल्या दाराचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.३०.१, लिहितो आणि ती सर्व्हरकडे पाठवतो. तो पत्ता वाचून सर्व्हर ओळखतो, की ही मागणी वाचनालयातून आली आहे. मग तो वाचनालयाच्याच गटातील पत्ता देतो.

ही व्यवस्था करताना चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, सर्व्हरला स्वतःचा कायम पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.२०.५. दुसरी, सर्व्हरवर तिन्ही सबनेट नोंदवा आणि प्रत्येकाच्या दाराचा पत्ता लिहा. तिसरी, वाटायचे पत्ते ठरवा. शेवटची संख्या ५० ते २०० ठेवली, तर १५१ पत्ते मिळतात आणि ५० च्या आतील पत्ते छपाईयंत्रांसाठी राहतात. चौथी, कक्ष आणि वाचनालय या दोन्ही दारांवर राउटरला सर्व्हरचा पत्ता सांगा. वाचनालयात माणसे येत-जात असतात, म्हणून तेथे मुदत थोडी ठेवा. नाहीतर निघून गेलेल्यांच्या नावावर पत्ते अडकून राहतात.

चूक झाली तर ती कशी ओळखावी? सर्व्हरचे उत्तर आले नाही, तर अनेक संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. असा पत्ता दिसला, तर हाक सर्व्हरपर्यंत पोहोचते का, ते प्रथम पाहा. पत्ता बरोबर आहे, पण व्हीलॅनच्या बाहेर जाता येत नाही, असे झाले तर दाराचा पत्ता तपासा.

आणखी एक गोष्ट विसरू नका. भाग वेगळे केले, म्हणजे प्रश्नपत्रिका सुरक्षित झाल्या असे नाही. राउटर एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ देतो. कोणी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, हे नियमही त्याला सांगावे लागतात. भिंत बांधली आणि दार उघडे ठेवले, तर त्या भिंतीचा काय उपयोग?